तिसऱ्या मजल्यावरील गुलमोहोर खाली उतरवण्याबाबत

बियांपासून वाढवलेलं रोप एकदम उन्हात नेऊन लावू नये, त्याला आधी बाहेरच्या जगाची हळूहळू सवय करून द्यावी, असं पुस्तकात स्पष्ट म्हटलं आहे. आधी थोडा वेळ सावली, मग कोवळं ऊन, मग जरासा वारा. पुस्तकात म्हटलं आहे म्हणजे ते करायला हवं, अशी माझी समजूत आहे. त्यामुळे रोज सकाळी मी गुलमोहोराची कुंडी दोन्ही हातांनी पोटाशी धरून तीन मजले उतरायचो, इमारतीच्या फाटकाशी भिंतीच्या सावलीत ठेवायचो आणि शेजारी घडीची खुर्ची टाकून बसायचो. रोपाला एकटं वाटू नये असं पुस्तकात कुठेही नव्हतं. तेवढी भर माझी.

येणारे-जाणारे थांबायचे.

"काय काका, फिरायला आणलंत वाटतं?"

"सवय करतोय. बाहेरच्या हवेची."

"कोणाला?"

प्रश्न रास्त होता. आठवड्याभरात रोप तरतरीत झालं आणि मला सर्दी झाली.

निवृत्त होईपर्यंत मी एका वाचनालयात पुस्तकांना क्रमांक देण्याचं काम केलं. तोवर माझ्या हातून काही उगवल्याचं ऐकिवात नव्हतं. रस्त्यात एक वाळकी शेंग सापडली, ती टाकून देण्याचा धीर झाला नाही, इथून सगळं सुरू झालं. आतल्या बिया गारगोटीसारख्या टणक होत्या. त्यांची कड थोडी घासून, कोमट पाण्यात भिजवून मग पेराव्यात, असं पुस्तकाचं म्हणणं. मी बायकोची नखं घासायची कानस घेतली आणि कामाला लागलो.

"अहो, ती माझी कानस आहे."

"बी घासतोय."

"मग मी आता नखं कशाने घासू? फावड्याने?"

काही बिया पाण्याने कुजल्या, कारण मी उठसूट त्यांची विचारपूस करत होतो. एक कबुतराने नेली. शेवटी एकच राहिली. एका सकाळी पाहतो तर मातीतून एक वाकडी मान वर आली होती, डोक्यावर बियेचं टरफल तसंच. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बायकोला हाक मारली. ती आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"तुमच्यावर गेलंय," ती म्हणाली. "मान वर करायला तयार नाही."

पण त्याने केली. नाजूक, पिसासारखी पानं आली. संध्याकाळ झाली की ती शहाण्यासारखी मिटायची. सगळं ठीक चाललं असताना मी पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं की अशी झाडं फार दिवस कुंडीत ठेवू नयेत. मुळांना पुढे जायला वाट मिळाली नाही की ती कडेकडेने गोल फिरत राहतात आणि शेवटी झाड स्वतःच्याच मुळांनी आवळून मरतं. ते वाचल्यापासून मला जेवण गोड लागेना.

फाटकाबाहेर, भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये, दोन हात रुंदीची मोकळी माती होती. बायको म्हणाली, "खड्डा करा, लावा, पाणी घाला आणि वर या. चहा टाकते."

"न विचारता?"

"कोणाला विचारायचंय? मातीला?"

"अगं, जागा सार्वजनिक आहे."

"मग तुम्ही काय खासगी आहात?"

 अशा प्रश्नांची उत्तरं मला सहसा दुसऱ्या दिवशी सुचतात. दुसऱ्या दिवशी मात्र मी वृक्ष विभागाच्या खिडकीपुढे रांगेत उभा होतो. त्या दुपारी इमारतीतली सगळी माणसं झोपलेली होती, माती ओली होती, फावडं दारामागे होतं. तरीही मी परवानगी मागायला गेलो. अशी चूक करायला माणूस आयुष्यभर पुस्तकांत राहिलेला असावा लागतो.

खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "काय आहे?"

"एक रोप लावायचं होतं. फाटकाबाहेर."

"उंची?"

"पाच फूट चार इंच."

"तुमची नाही हो. रोपाची."

"गुडघ्यापर्यंत येतं."

त्याने उठून खिडकीतून माझा गुडघा पाहण्याचा प्रयत्न केला. दिसेना म्हणून मला मागे सरायला सांगितलं. मी सरलो. रांगेनेही माझा गुडघा पाहून घेतला.

"फारच लहान आहे," कारकून म्हणाला. "सार्वजनिक जागेत माणसाच्या उंचीचं लागतं. लहान लावलं की मरतं, आणि मेलं की आमची जगण्याची टक्केवारी खाली येते."

"पण कुंडीत ठेवलं तर ते कुंडीत मरेल."

"ते तुमच्या टक्केवारीत धरलं जाईल," तो समजुतीने म्हणाला. "मोठं करा, मग या."

मोठं करणं भाग होतं. गुलमोहोर कुंडीतून बादलीत गेला, बादलीतून एका मोठ्या पिंपात. पिंप गॅलरीत मावावं म्हणून माझी आरामखुर्ची आत आली, ती मावावी म्हणून पुस्तकांचं एक कपाट पलंगाच्या उशाशी आलं, आणि बायकोची कपडे वाळवायची दोरी स्वयंपाकघरात गेली. ती दिवसभर झाडाच्या नावाने बोटं मोडायची. पण दुपारी मला डुलकी लागली असं वाटून ती गॅलरीत जाऊन पाणी घालताना मी ऐकलं आहे. "सरक जरा," ती त्याला म्हणत होती. "केवढा पसरलायस. घर तुझं एकट्याचं आहे का?"

यथावकाश तो माझ्यापेक्षा उंच झाला. आनंद झाला, थोडा अपमानही वाटला. मी पुन्हा खिडकीपुढे गेलो. कारकुनाने मला ओळखलं नाही, पण माझ्या गुडघ्याकडे एकदा संशयाने पाहिलं.

"निरीक्षक येऊन मोजतील," तो म्हणाला.

निरीक्षक आले. फार सभ्य गृहस्थ. गळ्यात शिंप्यासारखी टेप होती. त्यांनी गुलमोहोराची उंची मोजली, बुंध्याचा घेर मोजला, दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून पाहिलं आणि माझा हात हातात घेतला.

"अभिनंदन, काका. हे आता रोप राहिलेलं नाही. हा वृक्ष आहे."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. बायकोने चांगल्या कपांत चहा आणला.

"मग खाली कधी लावता येईल?" मी विचारलं.

"काय?"

"हाच. हा वृक्ष."

"म्हणजे इथून काढणार?" निरीक्षकांनी कप खाली ठेवला. "काका, वृक्षाला त्याच्या जागेवरून काढणं हा गुन्हा आहे."

"पण तो पिंपात आहे."

"पिंप ही त्याची जागा आहे."

"अहो, रोप होतं तेव्हाच मी खाली लावायला निघालो होतो."

"तेव्हाच लावायचं मग."

"तेव्हा लहान आहे म्हणून परवानगी मिळाली नाही."

"बरोबर आहे," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "लहान असताना लावता येत नाही आणि मोठा झाल्यावर काढता येत नाही. दोन्ही नियम झाडांच्या भल्यासाठीच केले आहेत."

"मग रस्त्यावर झाडं आली कुठून?" बायकोने विचारलं.

निरीक्षकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ती नियमांच्या आधीची आहेत, काकू."

अगदीच मार्ग नव्हता असं नाही. वृक्ष हलवण्याची परवानगी मागता येत होती. मात्र एक वृक्ष हलवायचा तर त्याची भरपाई म्हणून आधी पाच नवीन झाडं लावून, जगवून दाखवायची अट होती.

"कुठे लावायची?"

"जागा मिळेल तिथे."

"जागा मिळाली असती तर हाच नसता का लावला?"

"तुम्ही लगेच निराश होता, काका," निरीक्षक म्हणाले. "बियांपासून सुरुवात करा. गॅलरीला अजून एक कोपरा आहे."

जाताना त्यांनी बुंध्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकला. मी जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर क्रमांक टाकत आलो. घरातल्या माणसावर कोणी टाकल्यासारखं पहिल्यांदाच वाटलं.

वृक्ष ठरला म्हणजे त्याला संरक्षण आलं. दोन माणसं येऊन त्याच्याभोवती लोखंडी पिंजरा बसवून गेली, गुरांनी पाला खाऊ नये म्हणून. तिसऱ्या मजल्यावर गुरं येत नाहीत असं मी म्हणालो, तेव्हा त्यांनी पिंजऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आता कशी येतील?" पिंजऱ्यामुळे गॅलरीचं दार अर्धंच उघडू लागलं. बायको त्यातून आडवी होऊन जायची. मी पोट आत घेऊन जायला शिकलो.

मग बुंध्याभोवतीची जमीन उघडी ठेवण्याचा नियम लागू झाला. वृक्षाच्या चारी बाजूंना हातभर अंतरात फरशी, डांबर किंवा सिमेंट असू नये, पावसाचं पाणी मुरायला हवं. नियम उत्तम आहे. पिंपाभोवतीची फरशी फोडण्यात आली. पाणीही उत्तम मुरलं. ते मुरून दुसऱ्या मजल्यावर, दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यात उतरलं.

बाई तोंडावरचा मास्क हनुवटीला अडकवून तणतणत वर आल्या.

"काका, पेशंटला मी चूळ भरायला सांगायच्या आधीच त्याच्या तोंडात पाणी पडतंय!"

"स्वच्छ आहे का?" मी विचारलं. मला काळजी वाटली होती.

"मातीचं आहे! त्याला वाटलं मीच भरलं दातात!"

मी त्यांची क्षमा मागितली, एक चांगलं पुस्तक वाचायला दिलं. त्यांनी ते घेतलं नाही. त्यांनी वृक्ष विभागाकडे तक्रार केली. तक्रारीची तातडीने दखल घेण्यात आली. निरीक्षकांनी दवाखान्याच्या छताची पाहणी केली आणि निष्कर्ष काढला की ज्या अर्थी वृक्षाचं पाणी तिथे मुरतं, त्या अर्थी बाईंचं छत ही वृक्षाखालची जमीन आहे. आणि वृक्षाखालच्या जमिनीलगत छिद्र पाडणारं कोणतंही यंत्र चालवायला बंदी आहे.

"अहो, माझं यंत्र दातात छिद्र पाडतं!"

"ते कशात पाडावं याबद्दल नियम काही बोलत नाही," निरीक्षक म्हणाले.

"मग दात कोरू कशाने?"

"हाताने. घाई करू नका. बुंध्याला हादरे बसता कामा नयेत."

तेव्हापासून खालून यंत्राचा आवाज यायचा बंद झाला. दुसरे आवाज मात्र खूप वाढले.

इकडे गुलमोहोराची पानं पिवळी पडू लागली होती. सकाळी उठलो की पिंजऱ्यात पानांचा सडा असायचा. मी पिंपाच्या कडेने बोट घालून पाहिलं. बोटाला माती लागली नाही, मुळंच लागली, दोराच्या वेटोळ्यासारखी घट्ट. आणि अशातच एके दिवशी शेंड्याजवळ लाल फुलांचा एक घोस आला. बायको धावत मला बोलवायला आली. तिला इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मी तिच्यासोबत हसलो. पुस्तकात पुढे लिहिलेलं मात्र तिला सांगितलं नाही: मुळं आवळलेलं झाड कधीकधी घाईघाईने फुलतं, कारण आपल्यामागे बी राहावं अशी त्याची धडपड असते.

पण तिला ते कळलं असावं. संध्याकाळी मिटलेल्या पानांकडे बघत ती म्हणाली, "अहो, काहीतरी करा हो. हा जाईल आपला."

फुलांचा घोस रस्त्यावरून दिसत होता. रहिवासी संघाच्या सचिवांनी खालून त्याचा फोटो काढून सगळीकडे पाठवला. 'आमचा आकाशातला वृक्ष' असं त्याखाली लिहिलं होतं. तो हजारो लोकांना आवडला. मग कुणीतरी लिहिलं की झाड पिवळं दिसतंय, त्यावर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं की याला व्यवस्था जबाबदार आहे, आणि रविवारी सकाळी आमच्या फाटकासमोर 'झाड वाचवा' मोहिमेची सभा भरली. सगळ्यांच्या अंगात हिरवे सदरे होते. दंतवैद्य बाईंचे काही पेशंटही गाल धरून आले होते. त्यांच्याच्याने घोषणा देववत नव्हत्या, पण ते मान हलवत होते.

मी खाली उतरलो. एवढ्या माणसांत बोलायची मला सवय नाही. तरी सचिवांच्या बाहीला हात लावला.

"एक सांगायचं होतं. त्याला जमिनीत लावलं तर तो वाचेल. इथेच, फाटकाबाहेर. दोन हात जागा पुरते."

"इथे?" सचिव मागे वळून म्हणाले. त्या मातीवर आता त्यांची गाडी उभी होती, वर आच्छादन घालून. "काका, इथे माझी गाडी असते."

"ती जरा पलीकडे..."

"पलीकडे ऊन असतं."

"झाड लावलं तर सावली पडेल."

"पडेल हो. पण झाडच इथे लावलं तर सावलीत गाडी कुठे लावू?"

त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. तरी मी धीर करून म्हणालो, "पण आत्ताच तुम्ही घोषणा देत होतात..."

"घोषणा झाडासाठी आहे, काका. जागेसाठी वेगळी मोहीम लागेल."

एवढ्यात वरून पिंजऱ्यामागून बायकोचा आवाज आला. "अहो, त्या सगळ्यांना एक विचारा! कुणाच्या दारात लावू?"

घोषणा क्षणभर थांबल्या. कुणी बुटाची नाडी बांधली, कुणी फोन काढला. मग कुणीतरी पुन्हा "झाड वाचवा" म्हणालं आणि सगळ्यांना हायसं वाटून घोषणा दुप्पट जोराने सुरू झाल्या.

त्या आवाजाने विभागाला मात्र पाझर फुटला. निरीक्षक स्वतः आले. जनभावना लक्षात घेऊन भरपाईच्या पाच झाडांची अट रद्द केली होती. वृक्ष उतरवायला क्रेन मिळणार होती, तीही फुकट. मी त्यांचे हात धरले. क्रेन आली, पिंजरा कापला, पिंपाला साखळदंड बांधले, आणि आमचा गुलमोहोर कठड्यावरून अलगद उचलला जाऊन हवेत तरंगू लागला. खाली टाळ्या वाजल्या. दंतवैद्य बाईंनी आपलं यंत्र उघड्या खिडकीत आणून एकदा फिरवून घेतलं.

"आता ठेवायचा कुठे?" क्रेनवाल्याने वर बघून विचारलं.

"कोणाही नागरिकाने स्वखुशीने जागा दिली की तिथे," निरीक्षक म्हणाले. "तेवढंच राहिलंय."

सचिव गाडीला टेकून उभे होते. ते सरकले नाहीत.

"मग तोवर परत गॅलरीत ठेवा," बायको म्हणाली.

निरीक्षकांनी खेदाने मान हलवली. "काकू, तिसऱ्या मजल्यावर वृक्ष लावायची परवानगी कुणालाच नसते."

तर सध्या असं आहे. क्रेन हळूहळू रस्त्यांवरून चालली आहे. वर गुलमोहोर झुलतो आहे. क्रेनवाल्याशेजारी बायको बसली आहे, मांडीवर पाण्याची झारी घेऊन, आणि तिच्या शेजारी मी. आम्ही दारोदार थांबतो. लोक फार चांगले आहेत. सगळ्यांनी तो फोटो जपून ठेवलेला आहे. जागा द्यायची प्रत्येकाची इच्छा आहे, पण एकाची फरशी नवीन आहे. एकाला पानांचा कचरा सोसत नाही. एकाला पक्षी आवडतात, पण दुसऱ्याच्या छपरावर. एका सद्गृहस्थाने आनंदाने होकार दिला आणि आपली चौथ्या मजल्यावरची गॅलरी दाखवली.

रोज थोडी पानं गळतात. ती वाटेत पडत जातात. बायको मागे वळून बघत नाही.

आत्ता आम्ही तुमच्या दाराशी आहोत. क्रेनचा घरघराट ऐकू येत असेल. तुमच्या फाटकालगत माती आहे, हे मी वरूनच पाहिलं. छान, भुसभुशीत, पाणी दिलेली. तिच्यावर एक गाडी आहे. तुमचीच असावी, मागच्या काचेवर 'झाड वाचवा' चिकटवलेलं दिसतंय.

खिडकीचा पडदा हलला, म्हणजे तुम्ही घरात आहात. बायको म्हणते, घंटी वाजवा. मी दोनदा हात पुढे केला आणि मागे घेतला. पडद्याच्या फटीतून दिसलं की तुम्ही झाडाबद्दल काहीतरी वाचत बसला आहात, आणि तेही इतक्या तन्मयतेने, की मध्येच कसं उठवावं, समजत नाही.